घरच्या दाट कोल्ड कॉफीचा जमाखर्च

कॉफी हे मराठवाड्याचे मूळचे पेय नव्हे, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत ज्या मुलखाचे दफ्तर हैदराबादेस होते आणि ज्याच्या हॉटेलांतील मेजांवर आजही चहाचीच सत्ता अबाधित आहे, त्या मुलखात कॉफी ही एकादशीच्या फराळानंतर, परगावच्या व्याह्यांसाठी किंवा आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागविणाऱ्यांसाठी, दुधात उकळून व वर जायफळ किसून करावयाची प्रासंगिक बाब होती. चहाचा डबा हाताशी असे, कॉफीचा फडताळाच्या वरच्या फळीवर. असे असूनही नांदेडच्या वजिराबादेत अथवा लातूरच्या औसा रस्त्यावर वैशाखातल्या एखाद्या संध्याकाळी उभे राहिले असता, उंच पेल्यात काठोकाठ भरलेली, नळीने ओढताना गालांना किंचित श्रम देणारी गार कॉफी पिणारी जी तरुण मंडळी दिसतात, ती पाहून हा पदार्थ या प्रदेशात रुजला आहे याविषयी शंका उरत नाही. आणि जो पदार्थ बाजारात रुजतो तो लवकरच घरी करून पाहिला जातो, हा तर आपल्या स्वयंपाकघराचा पिढीजात शिरस्ता आहे.

घरी केलेली कोल्ड कॉफी मात्र बहुधा पातळ होते. रंग जमतो, गोडी जमते, गारवाही येतो. पण बाजारच्या पेल्यातला दाटपणा येत नाही, आणि तो यावा म्हणून जे उपाय घरोघर चालतात त्यांचा आढावा घेणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे मत आधीच रुजू करून ठेवतो : हा प्रश्न कॉफीचा नसून दुधाचा आहे, आणि दुधाच्या बाबतीत नांदेड-लातूरने कोणाच्या दारी याचक म्हणून जाण्याचे कारण नाही.

इतिहासाचा भाग थोडक्यात उरकता येईल. अल्जीरियातील माझाग्रान या ठाण्यात १८४० मध्ये वेढल्या गेलेल्या फ्रेंच शिपायांशी गार कॉफीचा संबंध जोडला जातो आणि पाणी घातलेल्या त्या कॉफीला ठाण्याचेच नाव पडले; परंतु तीत दूध नव्हते, मग दाटपणा कोठून असणार? बर्फासह यंत्रात वाटलेली दुधाळ कॉफी जगभर पसरविली ती अमेरिकेने. बॉस्टनची एक कॉफीची पेढी तशी कॉफी विकत असे, १९९४ मध्ये स्टारबक्सने ती पेढीच खरेदी केली आणि पुढच्या वर्षी ‘फ्रॅपुचिनो’ या नावाने हे पेय आपल्या सर्व दुकानांत मांडले. आपल्याकडे १८८८ मध्ये पेस्तनजी एदलजी दलाल यांनी मुंबईत कॉफी दळून विकण्याचा जो धंदा काढला त्यातून निघालेली, चिकोरी मिसळलेली पोल्सनची कॉफी मराठी घरांत पुष्कळ आधी पोहोचली होती. पोल्सनचे लोणी नंतरचे. कॉफी बोर्डाने सुरू केलेल्या आणि १९५७ पासून कामगारांच्या सहकारी संस्थांनी चालविलेल्या कॉफी हाऊसांतून साधी कोल्ड कॉफी मिळत असे. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान उघडले आणि २०१२ मध्ये स्टारबक्स मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला आले, तेव्हापासून ‘दाट’ हे विशेषण कोल्ड कॉफीला अनिवार्य होऊन बसले.

आता घरातल्या उपायांकडे वळू. यांत सर्वांत मोठा संप्रदाय बर्फवाल्यांचा. दूध, साखर, कॉफी आणि ट्रेमधले सगळे खडे मिक्सरमध्ये लोटावयाचे व झाकण दाबून धरावयाचे, ही त्यांची रीत. तीत दोष असा, की बर्फ म्हणजे पाणीच, आणि त्याने दिलेल्या गारव्याची किंमत तो पाण्याच्या रूपाने वसूल करतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो; म्हणून उकळून निवविलेले, पण ओट्यावरच राहिलेले ३० अंशांचे २०० मिलिलिटर दूध ४ अंशांपर्यंत उतरवावयाचे तर जवळजवळ ६० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, म्हणजे त्या दुधात चार मोठे चमचे पाणी आपण होऊन पडते. तेच दूध रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून ६ अंशांवर आणलेले असेल तर १० ग्रॅमच्या आतच काम भागते. दाट कॉफीच्या कृतीतील पहिले कलम ‘दूध थंड असावे’ हे असूनही बहुतेक घरांत ते पाळले जात नाही, याचे कारण आळस नसून सवय आहे : आपण दूध पिशवीतून पातेल्यात ओततो, लगेच तापवितो आणि मग ते निवेपर्यंत थांबण्याचा धीर मुलांना नसतो.

लातुरात बर्फाविषयी बोलताना पाण्याविषयी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन १० वाघिणींची गाडी लातूरच्या स्थानकात येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणी जोडाव्या लागल्या. ज्या शहराने तो उन्हाळा हंडे मोजत काढला त्या शहरात पेलाभर कॉफीसाठी ट्रेभर पाणी गोठवावे की नाही, हा प्रश्न बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. आतल्याला तसा वाटत नाही. त्यातून बोअरचे पाणी जड. त्याचा बर्फ करून कॉफीत घातला तर तिचा सुगंध दबतो आणि जिभेवर एक मचूळ थर राहतो. म्हणून बर्फ करावयाचाच तर जारच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा करावा. गाड्यावरच्या लादीचा बर्फ घरी आणण्याची प्रथा आता मागे पडली आहे आणि ते योग्यच झाले. २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा हुकूम काढला, त्याआधी कोणती लादी सरबतासाठी आणि कोणती मासळीच्या पेट्यांसाठी हे ओळखण्यास गिऱ्हाइकापाशी कसलेच साधन नव्हते.

दुसरा संप्रदाय आईस्क्रीमवाल्यांचा, आणि फळाच्या दृष्टीने तो बर्फवाल्यांहून निःसंशय वरचढ. व्हॅनिलाचे दोन गोळे घातले की दाटपणा येतो, फेस टिकतो, साखरेचाही प्रश्न सुटतो. यात गूढ काही नाही. आईस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता किमान १० टक्के आणि एकूण घन द्रव्ये ३६ टक्के असावीत असा कायद्याचा दंडक आहे. शिवाय त्यात गवारीच्या बियांच्या डिंकासारखी बांधून ठेवणारी द्रव्ये आणि बारीक बुडबुड्यांच्या रूपाने कोंडलेली हवा असते. ही हवा किती असावी यावरही मर्यादा आहे, कारण एक लिटर आईस्क्रीमचे वजन ५२५ ग्रॅमांहून कमी भरता कामा नये असा नियम आहे. म्हणजे नियम तंतोतंत पाळूनसुद्धा लिटरचा जवळजवळ अर्धा डबा हवेचा असू शकतो. आणि ज्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ असे छापलेले असते त्यात स्निग्धता दुधाची नसून वनस्पती तेलाची असते. वाचून घेणारे गिऱ्हाईक विरळा, हे दुकानदारालाही ठाऊक आहे. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशांची नावे ज्या मातीवरून पडली, मराठवाडी म्हैस जिथली, त्या जिल्ह्यांत कॉफी दाट करण्यासाठी पाम तेलाचा गोळा विकत आणावा, यात मला किंचित लाज वाटते, आणि ती लपविण्याचे कारण दिसत नाही.

म्हणून तिसऱ्या उपायाकडे, आटीव दुधाकडे, जरा विस्ताराने पाहू. म्हशीच्या दुधात स्निग्धता साधारण ६ टक्के व स्निग्धेतर घन द्रव्ये ९ टक्के असतात, असे गृहीत धरले तर एक लिटर दुधात दीडशे ग्रॅमांहून थोडी अधिक घन द्रव्ये भरतात. हे दूध मंद आचेवर, तळाला लागू न देता, सारखे ढवळत निम्म्यावर आणावे आणि त्यात ६० ग्रॅम साखर घालावी, म्हणजे जो ऐवज हाती येतो त्यात स्निग्धता ११ टक्क्यांच्या आसपास आणि घन द्रव्ये ३८ टक्के होतात; आईस्क्रीमसाठी कायद्याने जे मागितले त्याहून काकणभर अधिकच. बासुंदी करणाऱ्या प्रत्येक घराने हा आकडा न मांडता पिढ्यान्‌पिढ्या गाठलेला आहे. उणीव राहते ती फक्त हवेची आणि थंडीची. पैकी थंडी फ्रीजरने द्यावी व हवा मिक्सरने.

कृती म्हणाल तर अशी. आटवून निवविलेले दूध बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवावे. कॉफीची पूड दोन सपाट चमचे, तितकीच साखर व दोन मोठे चमचे कढत पाणी यांचा अर्क करून तोही गार होऊ द्यावा. मग मिक्सरच्या भांड्यात अर्धा पेला अगदी थंड दूध, तो अर्क आणि गोठलेल्या दुधाचे सहा-सात खडे घालून, एकदम न फिरवता, तीन-चार झटक्यांत खडे फुटू द्यावेत आणि नंतर पंधरा-वीस सेकंद अखंड फिरवावे. पाण्याचा बर्फ एकही नाही; म्हणून पेला भरून ठेवला आणि तेवढ्यात कोणी दारी आले तरी परतल्यावर कॉफी पातळ झालेली नसते, फक्त थोडी सैल झालेली असते. हे खडे आठवड्याच्या आत संपवावेत, कारण आटवलेल्या दुधातील दुग्धशर्करा फार दिवस गोठून राहिली की तिचे स्फटिक होतात आणि जिभेला रेव लागते. भारनियमनाने फ्रीजर वारंवार बंद पडत असेल तर हा दोष लवकर येतो, आणि भारनियमन म्हणजे काय हे मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

दुधाच्या भुकटीने हेच काम इंधन न जाळता होते, हे मान्य केले पाहिजे. पेल्याला दोन मोठे चमचे भुकटी थंड दुधात आधी मिसळून घेतली तर दाटपणा येतो, फक्त तापलेल्या भुकटीचा विशिष्ट वास कॉफीखाली कोठेतरी डोकावतो. उदगीरला शासनाचा दूध भुकटी प्रकल्प होता; तो बंद पडून पुष्कळ वर्षे झाली, आणि आज त्याच गावात भुकटीची पिशवी परजिल्ह्यातून येते. अर्थात हा मामला सहकार आणि दुग्धविकास खात्याच्या इतिहासाचा आहे, कॉफीचा नव्हे, तेव्हा तो येथेच सोडतो.

साईविषयी एक इशारा आवश्यक आहे. दाटपणासाठी वाटीभर साय मिक्सरमध्ये टाकणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ घरांत कॉफीवर पिवळसर कण तरंगताना दिसतात. ते लोणी होय. सायीतील स्निग्धतेचे गोळे १० ते १५ अंशांच्या दरम्यान घुसळले की एकमेकांस चिकटतात. ज्या कारणाने आजीच्या रवीखाली लोणी निघे त्याच कारणाने ते येथे निघते, आणि मिक्सरचे पाते रवीहून कितीतरी वेगवान असल्याने मिनिटाच्या आत निघते. पिशवीचे ‘होमोजिनाइज्ड’ दूध असेल तर ही आपत्ती सहसा येत नाही, कारण दुग्धालयातच ते गोळे इतके बारीक फोडलेले असतात की पुन्हा सहजी एकत्र येत नाहीत. गवळ्याचे म्हशीचे दूध वापरणाऱ्याने मात्र साय शेवटी घालून एकच झटका द्यावा, किंवा लस्सीवर घालतात तशी ती वरून घालावी. नांदेडात सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात लस्सी पिणाऱ्याला हा धडा पेल्यातच मिळतो : तिथे दाटपणा दह्याचा असतो, साय फक्त वर विराजमान असते.

यंत्राबद्दल दोन शब्द. अमेरिकेत स्टीफन पोप्लावस्की याने १९२२ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते मुळात सोडा फाउंटनवरची दुधाची पेये घुसळण्यासाठी होते. आपला मिक्सर, १९६० च्या दशकात सुमीतने ज्याचा पाया घातला तो, वाटणासाठी व दळणासाठी घडविला गेला. दोघांची भांडी, पाती व स्वभाव भिन्न. आपल्या भांड्याचे पाते खोबरे आणि भिजवलेली डाळ यांचा समाचार घेते, परंतु द्रवावाचून नुसता बर्फ त्याला आवडत नाही. मोटार अडली की बुडाशी असलेले लाल बटण उसळून बाहेर येते, आणि ते बटण असते हेच ठाऊक नसल्याने चांगला मिक्सर दुरुस्तीला नेणारी माणसे आहेत. आधी द्रव आणि मग खडे, हा क्रम पाळला तर हा प्रसंग टळतो. याहून गंभीर बाब वासाची. ज्या भांड्यात सकाळी लसूण घालून शेंगदाण्याची चटणी वाटली त्याच भांड्यात संध्याकाळी कॉफी केली तर भांडे कितीही घासले तरी झाकणाच्या रबरात दडलेला लसूण साक्षीला उभा राहतो. कॉफीसाठी वेगळे झाकण, निदान वेगळे रबर, ठेवावे. रबर स्वस्त असते.

कॉफीची पूड कोणती, या प्रश्नावर फार वाद होतो आणि तो मला अनाठायी वाटतो. झटपट कॉफीत दोन जाती आहेत, शुद्ध आणि चिकोरीमिश्रित. मिश्रणात कॉफी निम्म्याहून अधिक असलीच पाहिजे असा नियम आहे व प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. दाट व गोड दुधात चिकोरीची कडसर, भाजक्या गुळासारखी चव खुलते आणि रंगही गडद येतो; गरम कॉफीत जिला नाके मुरडली जातात ती येथे उपकारकच ठरते. उदगीर, देगलूर या सीमेवरच्या गावांत जिथे फिल्टरची कॉफी घरात आहे तिथे अर्थातच घट्ट डिकॉक्शन घ्यावे. ते फ्रीजमध्ये एक दिवस सुखाने राहते. एवढे खरे, की गारव्यात जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून गरम कॉफीच्या मापाने साखर घातली तर कोल्ड कॉफी फिकी लागते. आणि साखर थंड दुधात लवकर विरघळत नाही, म्हणून ती अर्कातच विरघळलेली असावी.

चौथा संप्रदाय फेसवाल्यांचा. कॉफी, साखर आणि थोडे पाणी वाटीत फेटून तिचा पांढुरका फेस करावयाचा व तो दुधावर चढवावयाचा, ही रीत आपल्याकडे जुनीच. २०२० च्या टाळेबंदीत ती ‘डालगोना’ या कोरियन नावाने परत आली आणि घरोघरच्या मनगटांना काम मिळाले. या फेसात दूध मिसळून फेटू नये, कारण स्निग्धता फेस मोडते. परंतु फेस म्हणजे दाटपणा नव्हे; पहिल्या चार घोटांनंतर तो संपतो आणि खाली साधे दूध उरते.

तरीही या रीतीचा एक उपयोग आहे, आणि तो लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या बाबानगर-श्यामनगरात खोली घेऊन राहणाऱ्या, वैद्यकीय प्रवेशाचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना. त्यांच्यापाशी मिक्सर नसतो, फ्रीजर नसतो. घट्ट झाकणाची बाटली आणि दुकानातून आणलेली थंड दुधाची पिशवी असते. १९५७ मध्ये थेस्सालोनिकीच्या प्रदर्शनात दिमित्रिस वाकोन्दिओस नावाच्या नेस्लेच्या माणसाला कॉफीसाठी गरम पाणी मिळेना, तेव्हा त्याने झटपट कॉफीची पूड गार पाण्याबरोबर शेकरमध्ये घालून हलविली, आणि त्यातून जी फ्रापे निघाली तिने ग्रीस देशाचा उन्हाळा व्यापला. तिचे तत्त्व बाटलीलाही लागू आहे : आधी पूड, साखर आणि दोन चमचे पाणी घालून बाटली अर्धा मिनिट जोराने हलवावी, फेस भरला की मग दूध ओतावे. दाट होणार नाही, पण बरी होते. प्रमाणाबाबत मात्र पालकांच्या वतीने सांगणे भाग आहे की राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा घातली असून झटपट कॉफीच्या एका कपात ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. शिवाय जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे, कारण तिच्यामुळे अन्नातील लोह पुरेसे अंगी लागत नाही. खाणावळीतल्या ताटाबरोबर कोल्ड कॉफीचा पेला घेऊन बसणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे.

केळ्याचा उल्लेख न करता नांदेडकर मला क्षमा करणार नाहीत. अर्धापूरच्या केळ्याच्या चकत्या गोठवून कॉफीत फिरवल्या तर विलक्षण दाटपणा येतो, आईस्क्रीमशिवाय आणि आटवण्याशिवाय. वैद्य मंडळी दूध-केळे विरुद्धाहारात धरतात हा एक आक्षेप, आणि दुसरा माझा, की मग ते केळ्याचे पेय होते व कॉफी त्यात पाहुणी म्हणून राहते. ज्यांना केळे प्रिय त्यांनी करावे. पेल्याच्या आतल्या भिंतीवर चॉकलेटच्या पाकाच्या धारा काढण्याची जी नवी रूढी आहे तिच्याविषयी मात्र माझे मत कठोर आहे : त्या धारा छायाचित्रासाठी असतात, चवीसाठी नव्हेत, आणि तळाशी साचलेला तो पाक शेवटच्या घोटात कॉफीची सारी कमाई बुडवितो. त्यापेक्षा जुन्या गरम कॉफीतले जायफळ येथेही चालवून पाहावे. गारव्यात सुगंध मंदावतो म्हणून ते थोडे अधिक लागते, आणि पेल्यात वरून न किसता दूध आटत असतानाच घातले तर दुधात मुरते. वेलदोडा घालावयाचा असल्यास तोही त्याच वेळी, सालीसकट ठेचून, आणि ट्रेमध्ये ओतण्यापूर्वी दूध गाळून घ्यावे.